चिखलात चौघं: मराठवाड्यात आपली पहिली साहसी शर्यत पावसात कशी पार पाडायची

दर पावसाळ्यात एखादा नवा संघ मला विचारतो, "बूट कोणते घ्यावेत?" बूट घेतले जातात, चांगलेच घेतले जातात, आणि तरी संघ अर्ध्यातून परत येतो. चूक बुटांची नसते, क्रमाची असते. आधी खरेदी, मग जमला तर सराव, नकाशा आदल्या रात्री आणि नियम थेट सुरुवातीच्या रेषेवर, असं बहुतेकांचं चालतं. कोरड्या हवेत हे खपून जातं. काळ्या रानात, पावसात, पहिल्या दोन तासांतच त्याचे वाभाडे निघतात.

खाली लिहिलंय ते चार जणांचा संघ आणि आठ ते बारा तासांची शर्यत धरून. त्यात चालणं-पळणं, सायकल, थोडी नाव आणि नकाशा-होकायंत्रावर शोधायचे चेकपॉइंट असतील. पायऱ्यांचा क्रम बदलू नका.

## १. पैसे भरण्याआधी नियम वाचा

नियमपत्रिका चौघांनी वाचायची. एकाने वाचून बाकीच्यांना सांगायची नाही. या प्रश्नांची उत्तरं त्यात सापडली पाहिजेत:

- संघातल्या दोघांमध्ये जास्तीत जास्त किती अंतर चालतं? बऱ्याच ठिकाणी ते ५० किंवा १०० मीटर असतं.
- मोबाईल सीलबंद ठेवायचा का? आणीबाणीत सील तोडलं तर काय?
- चेकपॉइंट सुटला तर वेळेचा दंड, की संघ बाद?
- गावकऱ्यांना वाट विचारलेली चालते का?
- वीज चमकायला लागली म्हणून थांबलो तर तो वेळ परत मिळतो का?
- ओढ्याला पूर आला तर मार्ग कोण बदलणार, आणि ते आपल्याला कळणार कसं?

शेवटच्या दोन प्रश्नांवर आयोजक "तेव्हाचं तेव्हा बघू" म्हणाले, तर पैसे भरू नका. पावसाळी शर्यत भरवणाऱ्याकडे पर्यायी मार्ग आणि माणसं बाहेर काढायची सोय कागदावर तयार असलीच पाहिजे.

## २. संघ: चार वेगवान माणसं नकोत

एक जण दहा किलोमीटर पाऊण तासात पळतो आणि दुसऱ्याला सव्वा तास लागतो, असा संघ पावसात फुटतो. पुढचा थांबून थांबून गारठतो, मागचा धावून धावून संपतो. शरीरानं साधारण सारखे आणि स्वभावानं न भांडणारे चार जण शोधा. दुसरं जास्त अवघड आहे.

कामं आधी वाटून घ्या. नकाशा एकाकडे आणि तो तपासायला दुसरा. तिसरा घड्याळ आणि खाणं बघेल: कोणी किती खाल्लं, किती प्यायलं, कट-ऑफला, म्हणजे आयोजकांनी ठरवलेल्या शेवटच्या मुदतीला, किती वेळ उरला. चौथा सायकल आणि दोर सांभाळेल. जो नकाशा बघतो त्याच्या पाठीवर सर्वांत हलकी पिशवी, हा नियम आम्ही फार उशिरा शिकलो.

मग घरी, पंख्याखाली बसून, तीन गोष्टी लिहून काढा:

१. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडायचं नाही.
२. गडगडाट ऐकू आला की उघड्यावर पुढे जायचं नाही.
३. चौघांपैकी कोणीही एक "बास" म्हणाला की थांबायचं, मतदान नाही.

हे घरी का ठरवायचं, ते सांगतो. कन्नडच्या डोंगरात एका नाल्याच्या काठावर आम्ही चौघं भर पावसात वाद घालत उभे राहिलो. उतरायचं की वळसा घालायचा? दोघं इकडे, दोघं तिकडे. चाळीस मिनिटं गेली. तेवढ्यात आमच्यातला बीडचा गडी गप्प झाला. त्याला पिशवीतली चिक्की काढायची होती. चेनची दोरी दोन बोटांत धरायचा प्रयत्न करत होता आणि बोटं वळतच नव्हती. शेवटी त्यानं ती दातानं ओढली, चेन उघडली, आणि आत कशाला हात घालायचा होता तेच विसरून आमच्याकडे बघत राहिला. बाहेर बावीस-तेवीस अंश असेल. आपल्याकडे थंडी वाजून माणूस आजारी पडेल ते डिसेंबरात, असा समज असतो. भिजलेला, दमलेला, वाऱ्यात उभा राहिलेला माणूस सप्टेंबरातही गारठतो.

तपासा: सोबती अडखळत बोलतोय, साधी गाठ सोडता येत नाहीये, थरथरतोय किंवा थरथरायचा अचानक थांबलाय? तिथेच आडोसा बघा, ओले कपडे काढा, कोरडे घाला, इमर्जन्सी ब्लँकेट गुंडाळा आणि गिळता येत असेल तरच गोड खायला द्या. थरथर थांबून माणूस सुस्त पडला असेल तर शर्यत तिथेच संपली. त्याला चालवू नका, मदत बोलवा.

## ३. सराव चिखलात करा, जिममध्ये नाही

सहा आठवडे हातात ठेवा. त्यातले निदान तीन सराव पावसात किंवा पावसानंतर लगेच व्हायला हवेत. ठिकाण शोधायला लांब जायची गरज नाही. गावाबाहेरची कुठलीही पांदण, तासाभराच्या पावसानंतर, पुरेशी आहे.

पावलं मोजणं. शंभर मीटर आखून घ्या आणि एकाच पायाची पावलं मोजा. माझी कोरड्या गाडीवाटेवर ६२ होतात. तीच काळ्या चिखलात ८० च्या घरात जातात. हा फरक माहीत नसेल तर नकाशावरचं "पाचशे मीटरवर डावीकडे" चारशे मीटरवरच येतं आणि तुम्ही दुसऱ्याच्या शेतात शिरता.

ट्यूब बदलणं. ओल्या हातांनी, अंधारात, हेडलॅम्पवर. दहा मिनिटांत जमेपर्यंत करा.

चौघांनी एकत्र तीन तास चालणं. कोण कधी चिडतो हे इथे कळू द्या.

## ४. सामान: कमी, पण कोरडं

नियमातली सक्तीची यादी पूर्ण करा, त्यावर बोलत नाही. बाकीचं असं.

सुती कपडा अंगावर नको. मोज्यांपासून बनियनपर्यंत काहीही नको. तो भिजला की वाळत नाही आणि अंगाची ऊब ओढत राहतो. जाड प्लॅस्टिकचा रेनकोट चढावर आतून घामानं भिजवतो. पातळ, टोपीवाला, मनगटाला घट्ट बसणारा विंडचीटर बरा. बुटांचं म्हणाल तर वॉटरप्रूफ घेऊ नका. ओढ्यात एकदा पाणी शिरलं की ते बाहेर येत नाही. जाळीचे, खोल खाचांच्या तळव्याचे बूट घ्या.

कोरडे ठेवायचे कपडे, म्हणजे एक लोकरी किंवा फ्लीसचा थर आणि एक मोज्यांची जोडी, दोन पिशव्यांत बांधायचे. आतली पिशवी हवा काढून गाठ मारलेली. पिशवी "वॉटरप्रूफ" आहे असं लिहिलेलं असतं. बादलीत बुडवून बघा.

तळपाय आणि जांघांना रात्रीच व्हॅसलीन चोळा, सकाळी पुन्हा. सायकलसाठी प्रत्येकी दोन जादा ट्यूब. ओल्या रबरावर पॅच चिकटत नाही, त्यामुळे पॅचच्या भरवशावर राहू नका. आणि एक लाकडी उलथनं घ्या. हसू नका, सातव्या पायरीत कळेल.

खाणं आपलंच चांगलं: गूळ-शेंगदाणे, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, मीठ जरा जास्त घातलेले धपाटे. धपाटे भिजले तरी खाता येतात, बिस्किटांचा लगदा होतो. पावसात तहान कळत नाही, म्हणून ओआरएसची पुडी ठरलेल्या वेळी. नुसतं पाणीच पाणी ढोसत राहणंही धोक्याचं, अंगातलं मीठ उतरतं.

सावधान: नवे बूट, नवी सॅक, नवी एनर्जी जेल शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा वापरायची नाही.

## ५. आदला दिवस: आधी आभाळ, मग नकाशा

हवामान खात्याचा जिल्हावार इशारा बघा. त्यांच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति जोरदार, त्यापुढे अत्यंत जोरदार. पिवळ्या इशाऱ्यात तयारीनं उतरता येतं. नारिंगी असेल तर आयोजकांना पर्यायी मार्ग विचारा. लाल असताना शर्यत ठेवणाऱ्यांकडे जाऊ नका.

फक्त शर्यतीच्या तालुक्याचं बघून भागत नाही. नदीच्या वरच्या अंगाला काय पडतंय आणि धरणातून विसर्ग चालू आहे का, हेही बघा. पैठणला आभाळ निरभ्र असताना जायकवाडीचे दरवाजे उघडलेले असू शकतात, कारण ते पाणी नाशिक-नगरकडून आलेलं असतं. मांजरा, माजलगाव, तेरणा, सगळीकडे हाच हिशोब. २०२५ च्या सप्टेंबरात धाराशिव-बीडच्या पट्ट्यानं काय पाहिलं ते इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

आता नकाशा. १:५०,००० च्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि समोच्च रेषा साधारण २० मीटरच्या फरकानं असतात. इथेच नवे संघ फसतात. अजिंठ्याच्या आणि बालाघाटच्या रांगा म्हणजे बेसाल्टचे थर, पायऱ्यांसारखे. पंधरा मीटरचा सरळसोट कडा दोन रेषांच्या मधे सहज लपतो. नकाशावर "उतार" दिसतो, आणि तुम्ही कड्याच्या टोकावर उभे असता. म्हणून रेषा जवळजवळ आल्या असतील तिथे नकाशावर नसलेला कडा आहे असंच धरा आणि सोंडेवरून किंवा गाडीवाटेनं उतरा.

तीन रंगांची पेनं घ्या. एकानं ठरलेली वाट. दुसऱ्यानं पावसाची वाट, म्हणजे ओढे आणि काळं रान टाळून बरडावरून, मुरमाड कडक जमिनीवरून, जाणारी. तिसऱ्यानं निसटायच्या जागा: डांबरी रस्ता, गाव, आरोग्य केंद्र. दोन चेकपॉइंटांच्या मधे निसटायची एक तरी जागा हवीच.

वेळेचा अंदाज: सपाटीवर ताशी ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जास्त, हा जुना हिशोब कोरड्या वाटेचा. चिखलात मी त्याची दीडपट धरतो, सोयाबीनच्या शिवारातून जायचं असेल तर दुप्पट.

तपासा: नकाशा पारदर्शक पिशवीत, गळ्यात. दुसरी प्रत दुसऱ्याच्या सॅकमध्ये.

## ६. सुरुवात: पहिल्या तासात हळू

सगळे सुटतात. तुम्ही सुटू नका. पहिल्या चेकपॉइंटला गर्दीच्या मागे धावणारा संघ गर्दीबरोबर चुकतो आणि चूक कळायला दोन किलोमीटर लागतात. पहिल्या पाच मिनिटांत होकायंत्र लावा. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक इतका कमी आहे की चालण्यापुरता सोडून दिला तरी चालतो.

बोलता येईल एवढ्याच दमानं चाला. घाम निघायला लागला की विंडचीटर उघडा, थांबलात की लगेच बंद करा.

## ७. सायकल आणि काळी माती

या टप्प्यावर मराठवाड्यात जेवढे संघ मोडतात तेवढे दुसरीकडे नाहीत. बाहेरून येणाऱ्यांना वाटतं चिखल म्हणजे घसरणं. इथली माती घसरवते कमी, धरून ठेवते जास्त. चाकाची एक फेरी, दुसरी फेरी, आणि टायरवर एक थर चढतो. त्यावर पाचटाचे, तणाचे तुकडे बसतात. पन्नास पावलांत फोर्क आणि टायरमधली फट भरते आणि चाक जागच्या जागी गच्च. नवखा गडी मग जोर लावून पॅडल मारतो. डिरेल्यर, म्हणजे गिअर बदलणारा मागचा भाग, वाकतं किंवा चेन तुटते. शर्यत संपली.

क्रम असा ठेवा:

१. काळं रान दिसलं की आधी उतरा. चाक अडकल्यावर उतरून उपयोग नाही.
२. वाटेच्या कडेला गवत असेल तर गवतावरून ढकला. गवताची मुळं माती धरून ठेवतात.
३. गवत नसेल तर सायकल उचला. चौकटीच्या त्रिकोणात खांदा घालून, चेन बाहेरच्या बाजूला.
४. मुरूम किंवा खडी लागली की थांबा आणि ते लाकडी उलथनं काढा. ब्रेक, फोर्क, चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळ्या), या क्रमानं खरवडा. बोटांनी करू नका, बाभळीचे काटे असतात.
५. पाण्याची बाटली चेनवर ओता, चेनचं पावसाळी तेल (वेट ल्यूब) सोडा, मग बसा.

जाड टायर चिखलात बरे, असं दुकानदार सांगतो. वाळूत खरं आहे. इथे जाड टायर म्हणजे फोर्कमधली फट कमी. मध्यम जाडीचे, विरळ आणि उंच खाचांचे टायर आणि डिस्क ब्रेक घ्या.

पंक्चर होणारच. बाभूळ, बोर, सराटे, काय हवं ते आहे. ट्यूब काढल्यावर नवीन घालायची घाई करू नका. टायरच्या आतून कापडाची चिंधी गोल फिरवा. चिंधी जिथे अडकेल तिथे काट्याचं टोक आहे. ते काढलं नाही तर नवी ट्यूब दोनशे मीटरही जात नाही. मी एकाच काट्यावर दोन ट्यूब घालवल्या आहेत.

एका शिवारात एका म्हाताऱ्या बाबांनी आम्हाला अडवलं होतं. "तिकडून नका जाऊ, काळं रान हाय. बरडावरून जा, कोसभर जास्त पडंल, पण पोचाल तरी." आम्ही हसून सरळ गेलो. तो कोस वाचवायला आम्हाला पावणेदोन तास लागले.

सावधान: उभ्या पिकातून जायचं नाही. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जा, कितीही वळसा पडू दे. पावसाळ्यात शेतकऱ्याचं वर्ष त्या पिकात असतं. आणि रानडुकरांसाठी काही जण कुंपणाच्या तारेत चोरून करंट सोडतात. ओल्या हातानं तार धरून उडी मारणं हा इथला सर्वांत मूर्ख मृत्यू आहे. तार दिसली की लांबून वळसा.

## ८. पाणी: ओढा, नळकांडी पूल, नाव

ओढा ओलांडताना चौघं थांबा आणि पाणी बघा. गढूळ असेल, काड्याकुड्या वाहत असतील, मिनिटागणिक काठावरचा ओला पट्टा वर सरकत असेल, तर वर पाऊस झालाय आणि अजून पाणी यायचं आहे. काठीनं खोली मोजा. गुडघ्याच्या आत असेल तरच, सॅकचे पट्टे सोडून, रुंद आणि संथ जागेतून. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी खोल आणि जोरात असतं.

नळकांड्या टाकून केलेले बुटके पूल फार फसवे. वरून वीतभर पाणी वाहतंय असं दिसतं, आणि मधला भराव वाहून गेलेला असतो. पुलाचा पृष्ठभाग दिसत नसेल तर तो पूल नाही असं समजा.

शेततळ्यात पाणी भरायला उतरू नका. प्लॅस्टिकच्या कागदावरून आत जाता येतं, बाहेर येता येत नाही.

नावेच्या टप्प्यात लाइफ जॅकेटचे सगळे बक्कल लावलेले आहेत का, हे दुसऱ्यानं ओढून बघायचं. मोठ्या जलाशयावर वारा सुटला की लाटा उठतात, म्हणून मधून न जाता काठ धरून चला. काठाजवळ बुडालेल्या बाभळी आणि मासेमारीची जाळी असतात, तर पुढच्या माणसाची नजर पाण्यात हवी. नाव उलटली तर नावेला धरून राहा, पोहत काठ गाठायला जाऊ नका.

## ९. वीज

मृगाच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात, विशेषतः दुपारनंतर, मराठवाड्यात वीज पडून माणसं आणि जनावरं दगावतात. मोबाईल हातात असेल तर "दामिनी" ॲप जवळच्या विजांचा इशारा देतं. मोबाईल सीलबंद असेल तर मोजा: चमकल्यापासून आवाज येईपर्यंत दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. गडगडाट ऐकू आला की उघड्यावर पुढे जायचं नाही हे ठरलंच आहे; तीस सेकंदांच्या आत आवाज आला की लगेच आडोसा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण अर्धा तास थांबायचं.

आडोसा म्हणजे पक्कं घर, शाळा किंवा बंद गाडी. झाड नाही, उघडी पत्र्याची शेड नाही, किल्ल्याचा बुरूज नाही, लेण्याचं तोंड नाही. जवळ काहीच नसेल तर माथ्यावरून खाली या, सायकली लांब आडव्या टाका, एकमेकांपासून पंधरा-वीस मीटर पांगा आणि पाय जुळवून उकिडवे बसा. याने तुम्ही सुरक्षित होत नाही, धोका फक्त थोडा कमी होतो. म्हणून आडोशाची जागा आदल्या दिवशीच नकाशावर हवी.

## १०. ट्रान्झिशन

एक टप्पा संपवून दुसऱ्याची तयारी करायची ती जागा. इथे दहा मिनिटं, घड्याळ लावून. खाणं आधी, कपडे नंतर. कोरडे मोजे फक्त पुढच्या टप्प्यात लगेच पाणी नसेल तरच घाला. निघताना एकानं पंच कार्ड, म्हणजे चेकपॉइंट गाठल्याची खूण करायचं कार्ड, मोठ्यानं विचारायचं, दुसऱ्यानं हातात धरून दाखवायचं. ते तिथल्या ताडपत्रीवर विसरून सहा किलोमीटर परत गेलेला संघ मी ओळखतो. आमचाच होता.

## ११. अंधार पडल्यावर

धुक्यात आणि पावसात कपाळावरचा दिवा थेंबांवर उजळून डोळ्यांवर येतो. तो कमरेला धरा, जमीन दिसते. चौघं हाताच्या अंतरावर. पुढच्यानं काठी टेकवत चालायचं, कारण कठडा नसलेल्या विहिरी गवतात दिसत नाहीत.

साप बाहेर असतात. घोणस वाटेवरून हलत नाही, तुम्ही हला. चावलाच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. अंगठी-घड्याळ काढा, तो अवयव फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, वेळ लिहा आणि १०८ किंवा ११२ ला फोन. मोबाईलचं सील अशा वेळी विचार न करता तोडा. नेटवर्क नसेल तर शिट्टी: मिनिटात सहा, एक मिनिट थांबून पुन्हा.

## १२. सोडणं आणि परत आल्यावर

कट-ऑफला अर्धा तास उरलाय आणि तीन किलोमीटर चिखल बाकी आहे, तर सोडा. फक्त सोडताना आयोजकांना सांगून, कार्ड देऊन जा. न सांगता गावातल्या जीपनं घरी गेलेल्या संघाला शोधत दुसरी माणसं रात्रभर पावसात फिरतात.

घरी पोचल्यावर सायकल त्याच दिवशी धुवा. काळी माती वाळली की बेअरिंगमध्ये सिमेंटसारखी बसते. पायावरच्या जखमा साबणानं धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. पुढच्या पंधरा दिवसांत, अगदी महिन्याभरातही, ताप, डोकेदुखी आणि पोटऱ्या दुखायला लागल्या, तर डॉक्टरांना सांगा की मी पुराच्या पाण्यातून चाललो होतो. ते स्वतःहून विचारतीलच असं नाही, आणि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) शंका त्याच एका वाक्यावरून येते.